होकाराची विद्या

आमच्या घरात फासे नव्हते, कवड्या नव्हत्या, पत्ते तर नावालाही नव्हते. घर जैनांचं. सात व्यसनांतलं पहिलं जुगाराचं, हे सासूबाईंनी मला लग्नानंतर आठवडाभरातच ऐकवलं, कारण माझ्या माहेरच्या ट्रंकेत चिंचोक्यांची एक पिशवी निघाली होती. "आत्याबाई, हे नुसते खेळायचे आहेत," मी म्हटलं. "पहिले नुसते खेळाचेच असतेत," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन गेल्या. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा, आताही फार खाली उतरलेला नाही. पण नव्या सुनेनं राग दाखवायचा तरी कुणाला? मी ज्वारी निवडत बसले.

हे रिसोडातलं, सत्तरच्या दशकाच्या मध्यातलं. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचा. बाजारपेठेत सासऱ्यांचं कापडाचं दुकान, दुकानामागे घर. पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे चातुर्मास, घरात नेमांचा हंगाम. पालेभाज्या बंद, दिवे लागायच्या आत जेवणं उरकलेली, आणि दुपारी सगळ्या बायका ओसरीत धान्य निवडायला. दमट हवेनं धान्यात सोंडे, म्हणजे सोंडकिडे, होतात. ते मारायचे नाहीत. एकेक वेचून सुपात घ्यायचा आणि परसात सावलीला नेऊन सोडायचा. पायलीभर तुरीला अख्खी दुपार जायची. त्या कंटाळ्यातून आमचा खेळ निघाला आणि तो काढला मी.

माझं माहेर कारंज्याचं. वडील मंदिरात पुराण वाचायचे, त्यामुळे विद्याधरांच्या गोष्टी मला तोंडपाठ. विद्याधर म्हणजे डोंगरांवर नगरं वसवून राहणारे, अंगी विद्या बाळगणारे लोक. कुणाकडे उडायची विद्या, कुणाकडे रूप बदलायची. ती फुकट मिळत नाही, तिच्यासाठी साधना करावी लागते. हेच मी खेळात आणलं. गोष्ट मी सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं आणि प्रत्येक वळणावर मी विचारायचं, "आता काय करता?" त्या सांगतील ते त्यांनी केलं असं धरायचं, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी सांगायचं. प्रत्येकीला एक विद्या. ती मिळवायला मात्र खरोखरीचा नेम धरायचा, आपल्या घरात, आपल्या पोटाला चिमटा काढून. सासूबाईंनी माळ ओढता ओढता सगळं ऐकलं आणि हरकत घेतली नाही. खेळापायी का होईना, पोरी काही तरी सोडतायत, एवढं त्यांना पुरलं असावं.

थोरल्या जाऊबाईंनी आठ दिवस गोड सोडलं आणि उडायची विद्या घेतली. अंगानं त्या चांगल्या भरलेल्या. प्रत्येक उड्डाणाआधी विचारायच्या, "वर थंडी असंन का वो? शाल घेऊ?" आमच्या दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या टेलरची बायको दुपारी काजबटणं करायला आमच्याकडे येऊन बसायची. तिला आम्ही आपा म्हणायचो. आपानं पान सोडलं आणि डोळ्यात घातला की लपलेलं दिसेल असा सुरमा मागितला. "विद्या-बिद्या तुमी ठेवा, मेरेको सुरमा दो," म्हणाली. दिला.

तिसरी माझी नणंद. सतरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, बोलायला कमी. अकोल्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचं तिच्या मनात होतं. मैत्रिणीकडून तिनं फॉर्म आणवला होता, सगळा भरलाही होता, फक्त वडिलांची सही तेवढी बाकी होती. आणि वडिलांना विचारायचंच तिला जमत नव्हतं. माझे सासरे, मामंजी, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांचं 'नाही' इतकं हळू यायचं की त्यावर दुसऱ्यांदा विचारावं असं कुणाला वाटायचंच नाही. फॉर्मचं ती फक्त माझ्याशी बोलली होती.

तिनं विद्या मागितली ती कुठल्या पुराणात नव्हती. "वयनी, मले अशी इद्या पाह्यजे, का ज्याच्यावर सोडली त्यानं एकडाव हो म्हनलंच पाह्यजे."

"त्याला नेमही तसाच भारी लागेल," मी म्हटलं.

"पंधरा दिस चहा सोडते."

आमच्या घरात चहा हीच एक चैन होती. सकाळचा आणि चारचा. चारच्या चहाला तर ही पोर आधण ठेवल्यापासून चुलीशी जाऊन उभी राहायची. मी फार विचार न करता दिली विद्या. पंधरा दिवस आमचे कप भरायचे आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन बसायची. सासऱ्यांनी एकदा विचारलं, "काहून वं, चहा नाई घेत?" तर म्हणाली, "नेम हाये." त्यांनी मान डोलावली.

तोवर माझी गोष्ट भलतीच रंगली होती. विद्याधरांच्या राजानं एका राजकन्येला गडावर कोंडलंय. गडाला सात दरवाजे, प्रत्येक दरवाज्याशी नवं संकट. तिसऱ्याशी आरशांचं तळं, पाचव्याशी बोलणारे हत्ती. स्वयंपाक करताना, कपडे पिळताना मी दरवाजे रचत असायची. भाद्रपदापर्यंत पुरेल एवढा माल माझ्याकडे तयार होता आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

पहिल्या दरवाज्याशी तिघी पोचल्या. वर सज्जात राजा आला. मी राजाचा आवाज काढून विचारलं, "कोण तुम्ही? काय पाहिजे?"

नणंदेनं हातातलं सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला. तिचे कान लाल झालेले मला अजून दिसतात. म्हणाली, "मी माही इद्या राजावर सोडते. महाराज, गडाचे सातही दरवाजे उघडा अन राजकन्येले जाऊ द्या."

जाऊबाईंच्या हातातली तूर हातातच राहिली. माझे उरलेले सहा दरवाजे, आरसे, हत्ती, सगळं त्या एका वाक्यानं पार झालं होतं. राजानं 'हो' म्हणायलाच हवं होतं. मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "राजा हसला. तुझी विद्या त्याने आधीच छेदून टाकली आहे. ती आता चालत नाही."

विद्या छेदणं हे पुराणात असतं, म्हणजे मी काही आभाळातून आणलं नव्हतं. पण आमच्या खेळात तोवर ते कधी आलं नव्हतं.

"कवा छेदली?" तिनं विचारलं.

"आधीच."

"कशी? मी तं राजाले पह्यल्यांदाच भेटून राह्यली."

"राजा आहे तो. त्याला कळतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला हार जाणारी नव्हते. ती म्हणाली, "मंग मी पंधरा दिस चहा कायले सोडला?" आणि सूप घेऊन परसात सोंडे सोडायला गेली.

तिच्या पाठीमागे आमचा वाद पेटला. जाऊबाई माझ्या बाजूच्या. "नाई तं काय? पह्यल्याच दरवाज्यात समदं उघडलं तं पुढं काय करावं? सोंडे मोजावं?" मला तेवढा आधार पुरेसा होता. मी म्हटलं, बघा, कुणाचीही विद्या दर वेळी लागू पडायला लागली तर गोष्ट उरतेच कुठे? अडलंच नाही तर ऐकायचं काय? सांगणाऱ्याच्या हाती एवढं तरी नको का? आपानं दातानं दोरा तोडला. "भाभी, कपडा तुमनेच देखा, नाप तुमनेच लिया. आता कापल्यावर म्हनता, नाप चूक. गिऱ्हाईक काय करंन?" मी म्हटलं, हे कपड्याचं नाही. ती म्हणाली, "अच्छा," आणि पुढचं काज धरलं.

सासूबाई आतून बोलल्या. खेळाबद्दल त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "गोष्ट तुयी हाये, पोरी. पन त्याग तं तिचा व्हता. तुले अवघड जात व्हती तं घेऊच द्याची नाई इद्या. घेऊ देल्ली अन मंग हिसकली."

मी पुढची तूर सुपात ओतली. मनातून मात्र धुसफुसत होते. इतक्या वर्षांनी प्रामाणिकपणे लिहायचं तर गोष्ट मोडेल याची मला भीती नव्हतीच. राजानं दरवाजे उघडले असते आणि त्यांतून काय काय बाहेर पडलं असतं, हे सांगायला मला दोन महिने कमी पडले असते. ते सुचण्याइतकी अक्कल मला होती. पण माझी मेहनत वाया गेलेली मला बघवेना, आणि एवढीशी पोर माझ्यापुढे जिंकली हेही बघवेना. फासा असता तर मी फाशाच्या माथी मारलं असतं. आमच्यात फासा नव्हता. सगळं सांगणाऱ्याच्या जिभेवर होतं आणि खेळणारीच्या हाती फक्त तिनं कमावलेली एक वस्तू. तेवढीही काढून घेतली की तिच्याकडे काय राहतं? मी सांगेन ते ऐकणं. ते तर ती घरात रोज करतच होती.

दुसऱ्या दिवशी मी मोठा आव आणून जाहीर केलं, की विद्या छेदली हा राजाचा बनाव होता, विद्या शाबूत आहे. मला वाटलं ती खुलेल. ती तूर निवडत राहिली. "नको वयनी. परत देल्ली तरी ते तुमच्याच हातची. उद्या पुन्हा काढून घ्यान." त्या दिवशी चारला तिनं दोन कप चहा घेतला.

फॉर्मची मुदत संपायला दहा-बारा दिवस राहिले होते. परसात कपडे वाळत घालताना मी तिला गाठलं आणि विचारलं, की मामंजींशी कधी बोलतेस?

"बोलून काय करू?" ती म्हणाली. "हो म्हनतीन. मंग कोनी तरी दुकानात येऊन काही सांगन, मंग नाई म्हनतीन. एकडाव हो म्हनल्यावर बी नाई व्हऊ शकते, तं विचाराचं कायले?"

हे ती वडिलांना बघून शिकली नव्हती. माझ्याकडून शिकली होती, आठ दिवसांपूर्वी, ओसरीत. हातातला ओला टॉवेल तसाच धरून मी उभी राहिले. मला स्वतःची लाज वाटली, अगदी मान वर करता येईना इतकी. खेळ म्हणून मी जे केलं होतं ते खेळात राहिलं नव्हतं.

दुपारी मी गोष्ट तिच्या हवाली केली. म्हटलं, आजपासून तू सांग, मी खेळते. ती नाहीच म्हणत होती. जाऊबाई आणि आपा मागे लागल्या तेव्हा कुठे कबूल झाली. आणि मी चहा सोडला. चहा सोडणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की भाकरी थापताना दोनदा परात चुकली. "होते तसं सुरुवातीले," नणंद म्हणाली, दया न दाखवता.

पाच दिवस काढल्यावर मी विद्या मागितली. कुठली, तर तिचीच, होकाराची. मला वाटलं होतं की ती देईल, मी वापरेन, ती मला वापरू देईल आणि सगळं फिटून जाईल.

"ते देत नाई," ती म्हणाली.

"का?"

"कारन ते मले पेलनार नाई. मले गोष्ट सांगता येते थोडीशी, तुमच्यावानी नाई. तुमी ते सोडली तं माही गोष्ट मोडन, अन मंग मले बी तुमच्यावानीच कराव लागन. तवा दुसरी मागा."

मला झोंबलं. पण बारकाईनं पाहिलं तर तिनं माझं काहीच घेतलं नव्हतं. देण्याआधीच नाही म्हटलं होतं, आणि का ते सांगितलं होतं, स्वतःकडे कमीपणा घेऊन. सासूबाई आत माळ ओढत होत्या. त्यांची माळ थांबल्याचं मला ऐकू आलं. मी विचार करून म्हटलं, "बरं. मग मला अशी विद्या दे, की कुणी मला नाही म्हटलं, तर त्याने खरं कारण सांगितलंच पाहिजे."

तिनं सुपातला एक सोंडा वेचून बाजूला ठेवला. "देते," म्हणाली.

ती विद्या मी तिच्या गोष्टीत मनसोक्त वापरली. पहारेकऱ्याला विचारलं, नदीला विचारलं, एका रुसलेल्या गाढवालाही विचारलं. ती प्रत्येकाचं कारण सांगायची. कधी सांगता सांगता कारणच लंगडं निघायचं, मग स्वतःच हसायची आणि म्हणायची, "जा मंग, काही कारन नाई दिसत, जा." जाऊबाईंची शाल एकदा उडताना बाभळीला अडकली, तीही तिनं उडायच्या आधी बजावून अडकवली, की आज वारा आहे, शाल नेऊ नका. त्यांनी नेली. रागावल्या नाहीत.

मुदतीला तीन दिवस असताना एका सकाळी जेवणानंतर मामंजी दुकानात निघाले होते. ती फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी आणि जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"बाबा, मले अकोल्याले ट्रेनिंगले जाचं हाये."

त्यांनी फॉर्म पाहिला. "नाई, बाई," ते म्हणाले, नेहमीसारखं हळू, आणि चपला शोधायला लागले.

"काहून?"

ते थबकले. त्या घरात त्यांना कुणी हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. बहुतेक त्यांनीही ऐकलं नसावं. चिडले नाहीत, गोंधळले. एक चप्पल पायात, एक हातात. मग म्हणाले, "तिथं बोर्डिंगात दिवस बुडल्यावर ताट वाढतेत. भाजीत कांदे, बटाटे. तू खाशीन का ते? उपाशी राहशीन."

"सोता रांधीन. दिवस हाये तवाच."

"स्टो पेटवता येते?"

"येते."

"नाई येत तिले," जाऊबाई माझ्या कानात पुटपुटल्या. मी त्यांना चिमटा काढला.

ते म्हणाले, "पाहू." पण त्या 'पाहू'नंतर ते गेले नाहीत, चप्पल हातात घेऊन तिथेच उभे राहिले. सासूबाई आतून म्हणाल्या, "पाहू म्हनजे काय? तिनं इचारलं, तुमी कारन सांगतलं, तिनं उत्तर देल्लं. आता दुसरं कारन असंन तं सांगा." दुकानातून पेन आणवून त्यांनी तिथे उभ्यानंच सही केली. त्या दुपारी आम्ही दोघींनी तिला स्टोव्ह पेटवायला शिकवला. भुवया थोड्या जळल्या, बाकी काही नाही.

ती निघाली त्या दिवशी तिला एस.टी. स्टँडवर पोचवायला मामंजी आणि मी गेलो. मामंजी वाशीमवरून अकोल्याला जाणाऱ्या गाडीची चौकशी करायला गेले. मी मनातून हलकी होते. गोष्ट दिली, चहा सोडला, स्टोव्ह शिकवला. माझ्या हिशेबी सगळं निस्तरलं होतं. मी तिची वेणी नीट करत होते.

ती पाठमोरीच म्हणाली, "वयनी, एक इचारू? तुमी गोष्ट मले देल्ली, चहा सोडला, समदं केलं. पन माही इद्या काढली ते चुकलं, असं काही तुमी म्हनल्याच नाई."

माझे हात वेणीवरच थांबले. खरंच म्हटलं नव्हतं. दीड महिन्यात नाना युक्त्या केल्या होत्या, आणि त्या सगळ्या ते दोन शब्द न बोलण्यासाठी होत्या. वहिनीनं नणंदेपुढे, मोठीनं धाकटीपुढे असं बोलायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी शिकलेली होते. भोवती गाठोडी घेऊन बसलेल्या बाया, केळीवाला, कंडक्टर. गाडी येऊन लागली आणि लोक उठले.

"चुकलं माझं," मी म्हटलं. पुटपुटल्यासारखं आलं, म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, "माझं चुकलं. विद्या तुझी होती. दरवाजे उघडायला पाहिजे होते." केळीवाल्यानं वळून पाहिलं.

तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते तिचे, माझेही. "आता जाते," ती म्हणाली आणि पेटी उचलून गाडीत चढली.